अक्षरांची नक्कल आणि मेमरीची हद्द

सी भाषेत स्ट्रिंगची लांबी कुठेही नोंदलेली नसते. अक्षरे मेमरीत एकापुढे एक मांडली जातात आणि शेवटच्या अक्षरानंतर शून्य किमतीचा एक बाइट ठेवला जातो. वाचणाऱ्याने तो शून्य सापडेपर्यंत पुढे जात राहायचे, एवढाच नियम. ‘पुणे’ हा शब्द यूटीएफ-८ पद्धतीने साठवला तर प, उकार, ण आणि मात्रा या चार चिन्हांचे प्रत्येकी तीन असे १२ बाइट होतात. तेरावा बाइट शून्याचा. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही भाषा घडवली, तेव्हा मेमरी किलोबाइटांत मोजली जाई. त्या काळात लांबीचा वेगळा हिशेब न ठेवता एका बाइटात काम भागवणे सोयीचे होते. आज जगभरच्या संगणकांत, फोनमध्ये आणि राउटरमध्ये चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, बहुतांशी याच भाषेत लिहिलेला आहे. त्यामुळे तो जुना करार अजून लागू आहे.

एका जागेवरची स्ट्रिंग दुसऱ्या जागी उतरवणारे सर्वांत साधे फंक्शन म्हणजे स्ट्रकॉपी. त्याला दोनच गोष्टी सांगाव्या लागतात: कुठून उचलायचे आणि कुठे ठेवायचे. ठेवायच्या जागेत, म्हणजे बफरमध्ये, किती बाइट मावतात हे त्याला कोणी सांगत नाही आणि ते विचारतही नाही. मूळ स्ट्रिंगमध्ये शून्य दिसेपर्यंत ते लिहीत जाते. बफर ३२ बाइटांचा आणि मजकूर ५० बाइटांचा असेल, तर उरलेले बाइट बफरच्या पलीकडे जे काही असेल त्यावर लिहिले जातात. तिथे दुसरे एखादे चल असू शकते, दुसऱ्या रचनेचा पत्ता असू शकतो, किंवा चालू फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचे याची नोंद असू शकते. ती नोंद बदलता आली की यंत्रावर काय चालवायचे हे मजकूर पाठवणाऱ्याच्या हाती जाते.

हा धोका केवळ कागदावरचा नाही, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी सर्वांना कळले. त्या दिवशी सुटलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने हजारो यंत्रे ठप्प केली. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती फिंगर नावाची सेवा. ती ५१२ बाइटांच्या बफरमध्ये ‘गेट्स’ या फंक्शनने मजकूर वाचत असे, आणि या फंक्शनलाही बफरचे माप सांगण्याची सोय नव्हती. सी भाषेच्या २०११च्या प्रमाणातून ‘गेट्स’ काढून टाकण्यात आले. स्ट्रकॉपी मात्र प्रमाणात राहिले, कारण मूळ मजकुराची लांबी आधीच माहीत असेल तर ते बिनचूक चालते. अडचण अशी की ही खात्री प्रोग्रॅमरच्या डोक्यात असते, कोडमध्ये नसते. दहा वर्षांनी दुसरा कोणी वरची एक ओळ बदलतो आणि ती खात्री कुणाच्या लक्षात न येता नाहीशी होते.

ड्रायव्हरच्या कोडमध्ये या चुकीची किंमत सर्वांत जास्त असते. ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि प्रत्यक्ष उपकरण यांच्यात बोलणी करणारा भाग. लिनक्सच्या मूळ कोडपैकी निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या विभागातच आहेत. साधा प्रोग्राम आपल्या मेमरीपलीकडे हात घालू लागला तर कर्नल त्याला बंद पाडते. ड्रायव्हर स्वतःच कर्नलच्या आत, सर्व अधिकारांनिशी चालतो. त्याला अडवायला वर कोणी नाही. शिवाय त्याच्या हाती येणारा मजकूर बऱ्याचदा बाहेरून आलेला असतो: यूएसबीवरच्या वस्तूने सांगितलेले स्वतःचे नाव, डिस्कने दिलेला निर्मात्याचा तपशील, हवेतून आलेले वायफायचे नाव. उपकरण खरेच बोलेल असे गृहीत धरून लिहिलेला कोड खोटे बोलणाऱ्या उपकरणापुढे उघडा पडतो.

याचे एक नेमके उदाहरण २०११ साली पुढे आले. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या यूएसबी संगीत उपकरणांसाठी लिनक्समध्ये ‘कायाक’ नावाचा ड्रायव्हर आहे. उपकरण जोडताच ते आपले नाव कळवते, आणि ड्रायव्हर ते नाव ध्वनिव्यवस्थेच्या ८० बाइटांच्या जागेत स्ट्रकॉपीने उतरवत असे. यूएसबीच्या नियमांनुसार अशा नावात १२६ अक्षरांपर्यंत मजकूर येऊ शकतो. म्हणजे मुद्दाम लांब नाव घातलेली एखादी वस्तू यूएसबीच्या खाचेत खुपसली की कर्नलच्या मेमरीत हद्दीबाहेर लेखन होणार. पासवर्ड लागत नाही, कुणी कुठे क्लिक करावे लागत नाही. सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत या दोषाला सीव्हीई-२०११-०७१२ हा क्रमांक मिळाला. दुरुस्ती अगदी लहान होती: स्ट्रकॉपीच्या जागी स्ट्र-एल-कॉपी आले आणि त्याला बफरचे माप सांगितले गेले. पण पुढे हे स्ट्र-एल-कॉपीही कर्नलमधून घालवावे लागले. असे का, हे समजण्यासाठी या फंक्शनांचे कूळ पाहायला हवे.

स्ट्रकॉपीचा सुरक्षित पर्याय म्हणून अनेक पिढ्यांनी स्ट्र-एन-कॉपी वापरले. त्यात तिसरी गोष्ट, जास्तीत जास्त बाइटांची संख्या, सांगता येते. ते मुळात सुरक्षिततेसाठी बनलेलेच नव्हते. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे: दोन बाइट फाइलच्या क्रमांकाचे आणि १४ बाइट नावाचे. रेल्वे आरक्षणाच्या छापील अर्जावर नावासाठी ठरावीक चौकोन असतात, तशीच ही १४ घरे. नाव लहान असेल तर उरलेली घरे शून्याने भरायची. नाव बरोबर १४ अक्षरांचे असेल तर सगळी घरे अक्षरांनीच भरायची, शेवटचा शून्य ठेवायचाच नाही, कारण लांबी ठरलेलीच आहे. स्ट्र-एन-कॉपी नेमके हेच करते. ज्या कामासाठी ते घडले, त्या कामाला ते चोख आहे.

साध्या स्ट्रिंगसाठी ते वापरले की दोन्ही गुण दोष होतात. मजकूर बफरइतका किंवा त्याहून लांब निघाला तर शेवटी शून्य येत नाही, आणि पुढे ती स्ट्रिंग वाचणारा कोड शून्य शोधत बफर ओलांडून जातो. लेखन हद्दीत राहिले तरी वाचन हद्दीबाहेर जाते. कर्नलच्या मेमरीतला भलताच मजकूर अशा रीतीने बाहेर पडू शकतो. मजकूर लहान असेल तर उरलेला सगळा बफर शून्याने भरण्यात वेळ जातो, मग बफर चार हजार बाइटांचा का असेना. याहून मोठी हानी म्हणजे वाचकाचा गोंधळ. ड्रायव्हरमध्ये स्ट्र-एन-कॉपी दिसले की लिहिणाऱ्याला शेवटी शून्य हवा होता की नको होता, उरलेली जागा शून्याने भरणे त्याला गरजेचे होते की ते फुकटात झाले, हे त्या ओळीवरून कळतच नाही.

स्ट्र-एल-कॉपी हा यावरचा पहिला गंभीर उपाय. टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी तो ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी केला, १९९८च्या २.४ आवृत्तीत तो आला. बफरचे माप सांगितले की हे फंक्शन त्यात मावेल तेवढे उतरवते आणि शेवटी शून्य हमखास ठेवते. लिनक्स कर्नलनेही ते घेतले. लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रामांच्या ग्लिबसी या ग्रंथालयाने मात्र ते वर्षानुवर्षे नाकारले आणि अखेर २०२३ साली २.३८ आवृत्तीत स्वीकारले. स्ट्र-एल-कॉपीचा दोष त्याच्या उत्तरात आहे. ते मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत सांगते, आणि त्यासाठी मूळ मजकूर शून्यापर्यंत वाचावाच लागतो. १६ बाइट हवे असले तरी दहा हजार बाइट चाळले जातात. मुळात शून्यच नसेल, तर वाचन कुठे थांबेल याचा भरवसा नाही. आधी लांबी मोजायची आणि मग नक्कल करायची अशा दोन फेऱ्या असल्याने, मधल्या क्षणी दुसऱ्या कोणी मजकूर बदलला तर मोजलेली लांबी खोटी ठरते. उपकरणाकडून आलेल्या बेभरवशाच्या मजकुरासाठी ही उणीव फार मोठी आहे.

क्रिस मेटकाफ यांनी लिहिलेले स्ट्र-एस-कॉपी २०१५ साली लिनक्सच्या ४.३ आवृत्तीत आले. ते बफरच्या मापापेक्षा जास्त वाचत नाही. बफरला काही लांबी असेल तर शेवटी शून्य ठेवतेच. उत्तरादाखल उतरवलेल्या अक्षरांची संख्या देते, आणि मजकूर मावला नाही तर त्रुटी दाखवणारा ऋण आकडा देते. मजकूर कापला गेला का, हे तपासणे त्यामुळे एका साध्या तुलनेचे काम झाले.

ते स्वीकारताना लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे एक इशारा दिला होता. आपण बराच काळ का कचरत होतो, हे त्यांनी सांगितले: नवे, अधिक चांगले फंक्शन आले की जुने बदलण्याच्या अर्जांचा पूर येतो, कुणीतरी न समजता बदल करते आणि आधी नीट चालणारा कोड मोडतो. हा इशारा जुनाट वृत्तीचा वाटू शकेल, पण पुढच्या दहा वर्षांच्या अनुभवाने तो योग्य ठरवला आहे. फंक्शनचे नुसते नाव बदलून भागत नाही. प्रत्येक ओळीत मूळ लेखकाला काय हवे होते ते शोधून काढावे लागते, आणि या कामाचा सगळा भार त्या शोधात आहे.

तो शोध कसा चालतो हे काही खऱ्या जागांवरून पाहता येते. नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर ‘ईथटूल’ या साधनाला स्वतःची माहिती देतात: ड्रायव्हरचे नाव, आवृत्ती, फर्मवेअरची आवृत्ती, कार्ड कोणत्या बसवर आहे. प्रत्येकासाठी ३२ बाइटांची जागा ठरलेली आहे. ही रचना जशीच्या तशी कर्नलबाहेर, वापरणाऱ्याच्या प्रोग्रामकडे जाते. इथे पहिला प्रश्न असा पडतो की नाव ८ बाइटांचे असेल तर उरलेल्या २४ बाइटांत काय आहे? स्ट्र-एन-कॉपी तिथे शून्ये भरत होते. स्ट्र-एस-कॉपी शेवटच्या शून्यानंतरच्या जागेला हात लावत नाही. रचना आधी शून्याने पुसलेली नसेल, तर त्या जागी आधीच्या कामाचे अवशेष असतात. एखादा अंतर्गत पत्ता किंवा दुसऱ्या कुणाच्या पासवर्डचा तुकडाही त्यात असू शकतो, आणि ‘सुरक्षित’ बदलामुळे तो बाहेर जाऊ शकतो. ईथटूलच्या बाबतीत कर्नलचा सामायिक कोड रचना आधीच पुसून देतो, म्हणून साधे स्ट्र-एस-कॉपी पुरते. जिथे तशी खात्री नसते तिथे उरलेली जागाही शून्याने भरणारी स्ट्र-एस-कॉपी-पॅड ही आवृत्ती वापरतात. ती २०१९ पासून उपलब्ध आहे. म्हणजे एक शब्द बदलण्यापूर्वी ती मेमरी कुठे निर्माण झाली, कुणी पुसली आणि शेवटी कुठे जाते, हा पूर्ण माग काढावा लागतो.

डिस्क आणि स्टोरेजच्या ड्रायव्हरमध्ये गोष्ट उलटी आहे. स्कझी या प्रमाणात उपकरण आपली ओळख ठरावीक लांबीत सांगते: निर्मात्याचे नाव ८ बाइट, उत्पादनाचे १६, आवृत्तीचे ४. नाव पूर्ण ८ अक्षरांचे असले तर शेवटी शून्य नसतो, आणि तो असावा अशी अपेक्षाही नाही. एमपीटी-३-सास या ड्रायव्हरमध्ये अशी माहिती अनुक्रमे ९, १७ आणि ५ बाइटांच्या जागांत ठेवली जाते. प्रत्येक ठिकाणी एक बाइट जास्त आहे, तो शून्यासाठी. जुना कोड स्ट्र-एन-कॉपीने ८ बाइट उचलून ९च्या जागेत ठेवत होता. काम बरोबर चालले होते. स्ट्र-एस-कॉपीला ९ हे माप दिले की ते मूळ जागेतही नऊ बाइटांपर्यंत शून्य शोधते, आणि नववा बाइट तर पुढच्या नावाचा असतो. उतरलेले नाव योग्यच राहते, पण वाचन हद्द ओलांडते आणि कर्नलची तपासणी त्यावर आक्षेप घेते. अशा जागा २०२४ साली मेमटूस्ट्र या नव्या साधनाने दुरुस्त झाल्या. शेवटी शून्य असेल-नसेल अशा ठरावीक लांबीच्या जागेतून खरी स्ट्रिंग बनवणे, एवढेच त्याचे काम. उलट दिशेने, स्ट्रिंग उचलून बिनशून्याच्या ठरावीक जागेत बसवण्यासाठी स्ट्रटूमेम आहे. जुने एक संदिग्ध फंक्शन जाऊन चार नेमकी आली, यात पसारा वाढल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात लेखकाचा हेतू आता ओळीवरच वाचता येतो, आणि जुनी फंक्शने बदलण्याच्या या मोहिमेची सर्वांत मोठी कमाई हीच आहे.

लहान सापळे आणखी आहेत. स्ट्र-एल-कॉपीचे उत्तर बफरच्या मापाएवढे किंवा जास्त आले तर मजकूर कापला गेला, अशी तपासणी जुन्या कोडमध्ये असते. फंक्शन बदलून तपासणी तशीच ठेवली, तर ऋण उत्तर त्या कसोटीतून निसटू शकते आणि कापलेले नाव पूर्ण समजून पुढे जाऊ शकते. दुसरा सापळा मापाचा. बफर जिथे घोषित झाला तिथे त्याचे माप कंपायलरला कळते. पण फंक्शनला फक्त त्याचा पत्ता मिळालेला असेल, तर मोजमापाचे ‘साइझऑफ’ हे साधन त्या पत्त्याचेच माप सांगते. ६४ बिटांच्या यंत्रावर ते ८ असते, आणि प्रत्येक नाव मुकाट्याने सात बाइटांवर कापले जाते. हे टाळण्यासाठी २०२४ पासून लिनक्समध्ये स्ट्र-एस-कॉपीला माप न सांगण्याचीही मुभा आहे: कंपायलर ते स्वतः काढतो, आणि समोर अ‍ॅरे नसून नुसता पत्ता असेल तर कोड बांधण्यासच नकार देतो.

यंत्रांची मदतही वाढली आहे. जीसीसी कंपायलरच्या २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपासून स्ट्र-एन-कॉपीचा संशयास्पद वापर दिसला की इशारा मिळतो. कर्नलमध्ये २०१७ साली आलेली फोर्टिफाय ही सोय, जिथे माप माहीत आहे तिथे, कोड बांधताना आणि चालतानाही हद्द तपासते. पाठवलेला बदल चाळणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट जुन्या फंक्शनांवर बोट ठेवते. फ्रान्समध्ये तयार झालेले कॉक्सिनेल हे साधन कोडचा आकार ओळखून हजारो जागी एकसारखा बदल करू शकते. ज्या ठिकाणी उत्तर वापरलेच जात नाही अशा स्ट्र-एल-कॉपीच्या ओळींसाठी असा बदल पुरतो. उरलेल्या ओळी माणसालाच वाचाव्या लागतात. केस कुक यांच्या पुढाकाराने २०१५ साली सुरू झालेल्या कर्नल सेल्फ-प्रोटेक्शन प्रकल्पाने हे वाचनाचे काम नेटाने चालवले. त्यातूनच २०२४च्या ६.८ आवृत्तीत स्ट्र-एल-कॉपी कर्नलमधून पूर्णपणे निघाले. स्ट्र-एन-कॉपी काढण्याचे काम त्याहून अवघड, कारण तिथे प्रत्येक ओळीचा हेतू वेगळा आहे.

विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली. स्ट्रकॉपीसारखी फंक्शने तिने निषिद्ध यादीत टाकली आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना बफरचे माप सक्तीने मागणारी, यशापयश स्पष्ट सांगणारी स्वतंत्र फंक्शने दिली. सी भाषेच्या २०११च्या प्रमाणातही मापासह चालणारी पर्यायी फंक्शने ऐच्छिक परिशिष्टात आली, पण ती सर्वत्र रुजली नाहीत. लिनक्समध्ये २०२२ सालच्या ६.१ आवृत्तीपासून रस्ट भाषेचा आधार आहे. तिच्यात स्ट्रिंगबरोबर लांबी कायम जोडलेली असते. मात्र जुने हजारो ड्रायव्हर सी भाषेतच राहणार आहेत.

हद्द पाळली म्हणजे नक्कल बरोबर झाली असे नाही, हे देवनागरी वापरणाऱ्यांना विशेष जाणवते. ‘कोल्हापूरकर’ या शब्दात ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट. ३२ बाइटांच्या जागेत स्ट्र-एस-कॉपी पहिले ३१ बाइट आणि शून्य ठेवते. त्यात ‘कोल्हापूरक’ पूर्ण येते आणि शेवटच्या ‘र’चा फक्त पहिला बाइट उरतो, जो पडद्यावर निरर्थक खूण म्हणून दिसतो. मेमरी सुरक्षित, शब्द मोडलेला. वायफायच्या नावाला तर नियमानेच ३२ बाइटांची मर्यादा आहे. त्याची लांबी वेगळी कळवली जाते आणि शेवटी शून्य नसतो, म्हणून ड्रायव्हरने त्याला स्ट्रिंग समजणेच चूक; ते मोजून उचलायचे बाइट आहेत. नाव कापले गेल्यावर पुढे जायचे की काम नाकारायचे, हेही ठरवावे लागते. पडद्यावर दाखवायचे नाव कापले तर फारसे बिघडत नाही. फर्मवेअरच्या फाइलचे नाव कापले तर भलतीच फाइल उघडायचा प्रयत्न होतो, म्हणून तिथे त्रुटी परत करणेच योग्य.

या सगळ्यात चाचणीची अडचण सर्वांत बिकट आहे. ड्रायव्हर तपासायला ते उपकरण हाती असावे लागते, आणि बदल करणाऱ्याकडे वीस वर्षांपूर्वीचे टेप ड्राइव्ह किंवा बाजारातून गेलेले नेटवर्क कार्ड क्वचितच असते. अशा वेळी बदलासोबतच्या टिपणात युक्तिवाद मांडावा लागतो: ही स्ट्रिंग पुढे लॉगमध्ये छापली जाते, म्हणून शेवटी शून्य हवा, रचना निर्माण होतानाच शून्याने भरलेली आहे, म्हणून उरलेली जागा भरणे नको, माप अमुक ठिकाणी घोषित आहे. त्या ड्रायव्हरची जबाबदारी घेतलेला देखभालकर्ता हे टिपण कोडशी ताडून पाहतो, आणि एका ओळीच्या बदलाला कधी कधी परिच्छेदभर स्पष्टीकरण मागतो.